युरोपचा झाडपाला: पाश्चात्त्य वनौषधींमागचे विचार आणि वाद (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पाश्चात्त्य वनौषधी चिकित्सा म्हणजे नेमकं काय?

युरोपात, आणि तिथून बाहेर पडलेल्या लोकांबरोबर अमेरिका-ऑस्ट्रेलियात, झाडपाल्याने उपचार करण्याची जी परंपरा वाढली ती ही. ब्रिटनमध्ये आजही 'मेडिकल हर्बलिस्ट' हा व्यवसाय आहे. त्याच्याकडे गेलात तर तो निवांत बसवून घेतो, झोप, पचन, पाळी, घरातली आजारपणं असं सगळं विचारतो आणि मग चार-सहा अर्क एका बाटलीत मिसळून देतो. हे अर्क बहुतेक वेळा टिंक्चरच्या रूपात असतात, म्हणजे अल्कोहोल आणि पाण्याच्या मिश्रणात वनस्पती भिजवून गाळलेले. बाटलीवर '१:५, ४५%' असं काहीतरी असतं. त्याचा अर्थ, एक भाग वाळलेल्या वनस्पतीला पाच भाग द्रव, आणि त्या द्रवात ४५ टक्के अल्कोहोल. याशिवाय फांट (गरम पाण्यात भिजवून गाळलेलं पाणी), काढे, मलमं आणि आता गोळ्याही.

सगळ्यांनी मानावा असा एक ग्रंथ किंवा एक सिद्धांत या परंपरेत नाही. दोन हजार वर्षांत सिद्धांत अनेकदा बदलले, वनस्पती मात्र बऱ्याचशा त्याच राहिल्या. खालचे बहुतेक वाद इथूनच निघतात.

म्हणजे होमिओपॅथीच ना?

नाही. आपल्याकडे हा घोळ होतो, कारण एकिनेशिया या सर्दीवर देतात त्या वनस्पतीचं मदर टिंक्चर होमिओपॅथीच्या दुकानात मिळतं. मदर टिंक्चर हा वनस्पतीचा खराखुरा अर्क असतो, तेव्हा तिथपर्यंत दोन्ही वाटा एकच. पुढे होमिओपॅथीत तो विरळ करत नेतात. '३० सी' म्हणजे शंभरपट विरळ करण्याची क्रिया तीस वेळा, आणि एवढं केल्यावर मूळ द्रव्याचा एखादा रेणू शिल्लक असण्याचीही शक्यता राहत नाही. हर्बलिस्टला रेणू हवे असतात, आणि पुरेसे हवे असतात. त्यामुळे त्याच्या औषधाचा गुण येऊ शकतो तसा अपायही होऊ शकतो.

या चिकित्सेचा मूळ सिद्धांत कोणता?

सुरुवात ग्रीकांपासून. इसवी सनाच्या पहिल्या शतकात डायोस्कोरायडिसने सुमारे सहाशे वनस्पतींची माहिती लिहून ठेवली. कुठली कुठे उगवते, कशी ओळखायची, कशावर देतात, असा त्याचा सगळा कामापुरता मजकूर. सिद्धांताचा डोलारा दुसऱ्या शतकात गॅलेनने उभा केला. शरीरात रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त असे चार रस; त्यांचा तोल गेला की आजार. वनस्पती उष्ण, शीत, कोरड्या किंवा ओल्या, आणि या गुणांच्या चार पायऱ्या. म्हणजे एखादं झाड 'पहिल्या पायरीचं उष्ण', तर दुसरं 'चौथ्या पायरीचं'. उष्ण आजाराला शीत औषध. युरोपात हा हिशोब जवळपास दीड हजार वर्षं चालला.

अरबांमार्फत हाच गॅलेन पूर्वेकडे आला आणि युनानी वैद्यक म्हणून भारतात स्थिरावला. मुंबईत किंवा औरंगाबादेत हकीमसाहेबांकडून 'मिजाज गरम आहे' असं ऐकलेल्या माणसाला सोळाव्या शतकातला इंग्रज वैद्य फारसा परका वाटला नसता.

मग आयुर्वेदात आणि यात फरक काय? कफ-पित्त दोन्हीकडे आहेच की.

वरवर साम्य आहे. पण युरोपातल्या वैद्यकाने एकोणिसाव्या शतकापर्यंत गॅलेनला सोडून दिलं आणि तिथला झाडपाला सिद्धांताविना उरला. आयुर्वेदात त्रिदोष आणि रस-वीर्य-विपाक आजही अभ्यासक्रमात शिकवतात. ब्रिटिश हर्बलिस्ट शरीरक्रियाशास्त्र आणि वनस्पती-रसायनशास्त्र शिकतो. 'उष्ण-शीत'ची भाषा काही जण पुन्हा आणू पाहताहेत, पण तो हौसेचा भाग.

अक्रोड मेंदूसारखा दिसतो म्हणून मेंदूला चांगला, हे याच परंपरेतलं का?

हो. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या त्या 'निसर्गाची किमया' छाप यादीचं मूळ सोळाव्या-सतराव्या शतकातल्या युरोपात आहे. वनस्पतीच्या रूपात देवाने तिच्या उपयोगाची खूण ठेवली आहे, असा हा विचार. पॅरासेल्सस या वैद्याने तो उचलून धरला, पुढे याकोब ब्योम या जर्मन विचारवंताने त्याला गूढवादाची जोड दिली. पानांवर ठिपके असलेली लंगवर्ट फुप्फुसांसाठी, फुलात डोळ्यासारखी रेघोटी असलेली आयब्राइट डोळ्यांसाठी.

आज हे हास्यास्पद वाटतं, आणि आहेच. पण एक किस्सा असा आहे की हसताना जरा थांबावं लागतं. एडवर्ड स्टोन हा इंग्लंडमधल्या चिपिंग नॉर्टनचा पाद्री. त्याने विलोची साल चाखली आणि तिच्या कडूपणावरून त्याला सिंकोना आठवला. (विलो म्हणजे आपल्या वाळुंजाच्या जातकुळीतलं झाड.) सिंकोनाची साल तेव्हा हिवतापावर नावाजलेली आणि महाग होती. स्टोनने आणखी एक तर्क जोडला: विलो ओलसर जागी वाढतो, थंडी वाजून येणारे तापही ओलसर जागीच होतात, तेव्हा रोगाजवळच त्याचा उतारा असणार. मग त्याने सुमारे पौंडभर साल गोळा केली, पिशवीत भरून एका भट्टीवाल्याच्या भट्टीबाहेर तीन महिन्यांहून जास्त वाळत ठेवली, कुटून तिची पूड केली आणि थोड्या मात्रेपासून सुरुवात करत पन्नासेक रुग्णांना दिली. १७६३ मध्ये त्याने रॉयल सोसायटी या लंडनच्या विज्ञानसंस्थेला पत्राने कळवलं की ताप उतरतो.

तर्क साफ चुकीचा, निरीक्षण मात्र बरोबर. विलोत सॅलिसिन असतं. १८२८ मध्ये ते वेगळं काढलं गेलं, आणि त्याच कुळातल्या रसायनांवर काम होत होत १८९७ मध्ये बायर कंपनीत ॲस्पिरिन तयार झालं. अर्थात सालीने ताप उतरतो, पण सिंकोनासारखा हिवतापाचा जंतू मरत नाही. हा फरक स्टोनला दिसणं शक्यच नव्हतं.

म्हणून कुठल्याही वनौषधीबद्दल 'यामागचा सिद्धांत काय' यापेक्षा 'किती दिलं आणि काय झालं' हे आधी विचारावं, असं माझं मत आहे.

निकोलस कल्पेपरचं नाव सारखं का येतं?

कारण औषधाचं ज्ञान कोणाच्या मालकीचं, हा प्रश्न त्याने रस्त्यावर आणला. लंडनच्या कॉलेज ऑफ फिजिशियन्सचा अधिकृत औषधकोश १६१८ पासून लॅटिनमध्ये होता. कल्पेपरने १६४९ मध्ये तो परवानगी न घेता इंग्रजीत आणला, आणि वर कॉलेजच्या डॉक्टरांवर टीकाटिप्पणीही केली. तो यादवी युद्धात राजाविरुद्ध लढून जखमी झालेला. स्पिटलफिल्ड्समध्ये गरिबांना तपासायचा. १६५२ मध्ये त्याने इंग्लंडमध्ये उगवणाऱ्या वनस्पतींवर स्वस्तातलं पुस्तक काढलं. परदेशी महागडी औषधं कशाला, तुमच्या बांधावर आहे ते ओळखा, असा त्याचा सूर होता. संस्कृतातलं ज्ञान मराठीत आणल्यावर काय गहजब होतो हे आपल्याला नव्याने सांगायला नको.

मात्र हाच कल्पेपर प्रत्येक झाडाला एकेक ग्रह वाटून देतो. हे मंगळाचं झाड, ते शुक्राचं, अशी सगळी मांडणी ज्योतिषावर. १६५४ मध्ये, अवघ्या ३७ व्या वर्षी तो गेला. पुस्तक आजतागायत छापलं जातं.

अमेरिकेत हा विचार वेगळ्या वाटेने गेला का?

गेला, आणि बराच आक्रमक झाला. न्यू हॅम्पशायरचा शेतकरी सॅम्युएल थॉमसन म्हणे की उष्णता म्हणजे जीवन आणि थंडी म्हणजे मृत्यू. उपचार: लोबेलिया ही वनस्पती देऊन ओकाऱ्या काढायच्या, तिखटजाळ मिरची द्यायची, वाफेने घाम काढायचा. १८०९ मध्ये एका रुग्णाच्या मृत्यूवरून त्याच्यावर खुनाचा खटला झाला, तो सुटला. १८१३ मध्ये त्याने आपल्या पद्धतीचं पेटंटच घेतलं आणि घरगुती वापराचे हक्क वीस डॉलरला विकायला सुरुवात केली. गंमत अशी की 'ज्ञान सर्वांचं' म्हणणाऱ्या चळवळीचा पुढारी परवाने विकत होता.

त्याला लोकांनी उचलून का धरलं, हे समजायला त्या काळचे पदवीधर डॉक्टर काय करत ते पाहावं लागतं. ते शिरा उघडून रक्त काढत आणि कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचा क्षार, दात हलेपर्यंत देत. त्यापुढे मिरची आणि वाफ सौम्यच.

थॉमसननंतर आले इक्लेक्टिक डॉक्टर. कुठल्याही पंथातलं जे उपयोगी पडेल ते घ्या, असं त्यांचं धोरण. सिनसिनाटीचं त्यांचं महाविद्यालय १८४५ ते १९३९ चाललं. त्यांनी स्थानिक वनस्पतींच्या काटेकोर नोंदी ठेवल्या. एकिनेशिया औषधांच्या दुकानात आली ती त्यांच्यामुळे. वैद्यकीय शिक्षणाची झडती घेणाऱ्या १९१० च्या फ्लेक्सनर अहवालानंतर प्रयोगशाळा आणि रुग्णालय नसलेली वैद्यकीय महाविद्यालयं एकेक करून बंद पडली, त्यात हेही गेले.

'जीवनशक्ती' आणि 'रक्तशुद्धी' हे शब्द आजचे हर्बलिस्ट वापरतात का?

काही वापरतात, आणि यावरून त्यांच्यातच दोन तट आहेत. एक तट मानतो की शरीरात स्वतःला बरं करणारी शक्ती आहे आणि औषधाने तिला फक्त हात द्यायचा. ही थॉमसनच्या वारसदारांची विचारसरणी. ब्रिटनमध्ये १८६४ पासून चालत आलेल्या हर्बलिस्टांच्या संघटनेतही ती मुरली. दुसरा तट जर्मन वळणाचा: वनस्पती म्हणजे अनेक रसायनांचं मिश्रण, त्याची क्रिया मोजा, बाकी तत्त्वज्ञान बाजूला ठेवा.

बर्डॉक आणि अंगाला लागलं की खाज आणणारं नेटल यांना जुन्या पुस्तकांत 'रक्त शुद्ध करणारी' म्हटलंय. नेमकी कुठली अशुद्धी, ती कशी मोजायची, औषधानंतर किती उतरली, याचं उत्तर त्यात नाही. खरूज-फोडांवर पिढ्यानपिढ्या देतात म्हणून वनस्पती टाकून देऊ नये, पण या शब्दाने कशाचाही उलगडा होत नाही हेही मान्य करावं.

सबंध वनस्पती चांगली की तिच्यातलं शुद्ध रसायन?

हा या क्षेत्रातला सगळ्यात जुना आणि अजून न मिटलेला वाद. १८०५ च्या सुमारास सेर्ट्युर्नरने अफूतून मॉर्फिन वेगळं काढलं, १८२० मध्ये पेलेतिए आणि काव्हाँतू यांनी सिंकोनातून क्विनाइन. तेव्हापासून औषधशास्त्र म्हणतं, कार्यकारी द्रव्य काढा आणि चोथा फेका. हर्बलिस्ट म्हणतो, त्या 'चोथ्यात'ही कामाची द्रव्यं आहेत. एकमेकांचा परिणाम ती वाढवतात, दाहकपणा कमी करतात.

माझ्या मते याचं एकच उत्तर सगळ्या वनस्पतींना लागू होत नाही. डिजिटॅलिस, म्हणजे फॉक्सग्लव्ह या वनस्पतीचं पान घ्या. बी.फार्मला फार्माकॉग्नोसी (वनस्पतींपासूनच्या औषधांचा अभ्यास) शिकलेल्या कुणालाही हे पान माहीत असतं. १७७५ मध्ये विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरपुढे श्रॉपशायरमधल्या एका म्हातारीचा अंगावरच्या सुजेवरचा गुप्त नुस्खा आला. त्यात वीस किंवा अधिक वनस्पती होत्या. काम करणारी फॉक्सग्लव्हच, हे त्याने ताडलं. पुढे दहा वर्षं रुग्णांच्या नोंदी ठेवून, फसलेल्यांसकट, १७८५ मध्ये छापल्या. (म्हातारीचं नाव त्याने लिहून ठेवलेलं नाही. तिला चिकटलेलं 'मदर हटन' हे नाव विसाव्या शतकातल्या औषधाच्या जाहिरातीतून आलं.) पानं फुलोऱ्याच्या वेळीच तोडावीत असं तो सांगतो, कारण ऋतूप्रमाणे ताकद बदलते. पुढेही प्रत्येक खेपेच्या पानांची ताकद बेडूक, मांजर, कबुतर यांच्यावर मोजून पाहावी लागे. गुणकारी मात्रा आणि जीवघेणी मात्रा यांत अंतर इतकं कमी की पान वापरणं म्हणजे रोज जुगार. १९३० मध्ये फॉक्सग्लव्हच्याच एका जातीतलं डिगॉक्सिन हे द्रव्य शुद्ध रूपात मिळालं आणि मात्रा मायक्रोग्रॅममध्ये मोजता येऊ लागली. इथे शुद्ध रसायन निर्विवाद जिंकतं. आजचा शहाणा हर्बलिस्टही फॉक्सग्लव्हला हात लावत नाही.

आता दुसरी बाजू. सेंट जॉन्स वॉर्ट ही पिवळ्या फुलांची वनस्पती उदासपणावर देतात. तिच्या गोळ्या आधी हायपेरिसिन या द्रव्याच्या प्रमाणावर बेतल्या जात. नंतर लक्षात आलं की हायपरफोरिन हे वेगळंच द्रव्य बरंच महत्त्वाचं आहे. म्हणजे 'प्रमाणित अर्क' म्हणून ज्याचा डंका पिटला, तो कदाचित चुकीच्या खुणेवर प्रमाणित होता. कार्यकारी द्रव्य एकच असेल आणि ते आपल्याला माहीत असेल, हे दरवेळी गृहीत धरता येत नाही, एवढं हर्बलिस्टचं म्हणणं इथे खरं ठरतं.

चाचण्यांमध्ये काय दिसलं?

वनस्पतीगणिक निराळं. सेंट जॉन्स वॉर्टवर २००८ च्या कॉक्रेन आढाव्यात (अशा आढाव्यात झालेल्या चाचण्या एकत्र तपासतात) २९ चाचण्या होत्या. निष्कर्ष असा की ती नकली गोळीपेक्षा (प्लसिबो, म्हणजे तुलनेसाठी दिलेली औषध नसलेली गोळी) सरस आणि नेहमीच्या औषधांच्या तोडीची; पण जर्मन भाषक देशांतल्या चाचण्यांत निकाल जास्त गुलाबी. २००२ मधल्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत ती नकली गोळीच्या पुढे गेली नाही. विरोधक हे लगेच सांगतात. त्याच चाचणीत सर्ट्रालिन हे मान्यताप्राप्त औषधही मुख्य मोजमापांत पुढे गेलं नव्हतं, हे सांगायचं राहून जातं.

स्मरणशक्तीसाठी घेतात त्या गिंको या वनस्पतीचं मात्र नीट उत्तर मिळालं. अमेरिकेत ३,०६९ वृद्धांना सुमारे सहा वर्षं गिंको किंवा नकली गोळी दिली. स्मृतिभ्रंश टळला नाही. एकिनेशियाचे सर्दीवरचे निकाल इकडचे-तिकडचे आहेत. पोटात मुरडा येणाऱ्या आयबीएसवर (आतड्यांचा एक चिवट त्रास) पेपरमिंट तेलाच्या कॅप्सूलना बऱ्यापैकी आधार आहे. सोनामुखीने पोट साफ होतं, यावर वाद नाही.

प्रत्येक रुग्णाला वेगळं मिश्रण देतात, मग चाचणी होणारच कशी?

हा बचाव फार वेळा ऐकू येतो. पण १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियात आयबीएसच्या ११६ रुग्णांवर अशी चाचणी झाली. वनस्पती चिनी होत्या, पण मुद्दा तोच. एका गटाला प्रत्येकासाठी वेगळं मिश्रण, दुसऱ्याला सगळ्यांना एकच मिश्रण, तिसऱ्याला नकली कॅप्सूल. उपचार चालू असताना दोन्ही खऱ्या गटांना आराम पडला. थांबवल्यानंतर चौदा आठवड्यांनी तो टिकला फक्त वेगळ्या मिश्रणवाल्यांत. निकाल दोन्ही बाजूंना आपापल्या सोयीने वाचता येतो, पण 'चाचणी करताच येत नाही' हे म्हणणं तिथेच संपतं. त्या धर्तीवर पाश्चात्त्य वनौषधींच्या चाचण्या फार थोड्या झाल्या.

हजारो वर्षं वापरात आहे, मग धोका असता तर कळला नसता का?

तातडीचा धोका कळला असता. खाल्लं आणि तासाभरात उलट्या झाल्या, तर गावाला कळतं. खाल्लं आणि काही वर्षांनी मूत्रपिंड गेलं, तर त्या दोन गोष्टी जोडणार कोण?

बर्थवर्टचं उदाहरण बोलकं आहे. हे ॲरिस्टोलोकिया कुळातलं झाड, आपल्याकडची ईश्वरीही याच कुळातली. फुलाच्या आकारावरून ते बाळंतपणासाठी उपयोगी मानलं गेलं आणि प्राचीन काळापासून युरोपात वापरात राहिलं. त्यातलं ॲरिस्टोलोकिक आम्ल मूत्रपिंडं निकामी करतं आणि कर्करोगही घडवतं. हे उघडकीला आलं १९९० च्या दशकात, तेही योगायोगाने. ब्रुसेल्समध्ये वजन कमी करण्याच्या गोळ्यांत एका चिनी वनस्पतीच्या जागी याच कुळातली दुसरी आली आणि तरुण बायकांची मूत्रपिंडं एकामागोमाग एक बंद पडू लागली. परंपरेला शतकानुशतकं हे दिसलं नव्हतं.

कॉम्फ्री ही वनस्पती पोटात घेतल्यास यकृताला घातक. ज्येष्ठमध जास्त दिवस, जास्त प्रमाणात घेतलं तर रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरतं. मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेलीनंतर यकृताला इजा झालेले रुग्ण नोंदवले, तेव्हा आयुष मंत्रालयाने ती वनस्पती दुसरीच असू शकते असा आक्षेप घेतला. वनस्पतीची ओळख पटलेली नसली की वाद कसा लोंबकळतो, ते यात दिसतं.

पाकिटावर 'पारंपरिक वापरावर आधारित' असं लिहिलेलं असतं. म्हणजे सरकारने तपासलंय का?

दर्जा आणि सुरक्षितता तपासलेली असते, गुण नाही. युरोपीय संघाच्या २००४ च्या नियमाप्रमाणे किमान ३० वर्षांचा वापर, त्यातली १५ युरोपीय संघात, एवढं दाखवलं की किरकोळ तक्रारींसाठी नोंदणी मिळते. अमेरिकेत १९९४ च्या कायद्याने ही सगळी 'पूरक आहार' झाली आणि विक्रीपूर्वी गुण सिद्ध करायची गरजच उरली नाही.

ब्रिटनमध्ये हर्बलिस्टची सरकारी नोंदणी असते का?

सक्तीची नाही. २००० पासून चर्चा चालली, २०११ मध्ये सरकारने आश्वासनही दिलं, पण २०१५ च्या अहवालाने नको म्हटलं. लंडन-लेस्टरमधल्या मराठी मंडळींनी जाण्यापूर्वी तो कुठल्या व्यावसायिक संघटनेचा सभासद आहे ते विचारावं.

या परंपरेत भारतातल्या वनस्पती आहेत का?

भरपूर, आणि त्यांचा एक रस्ता गोव्यातून जातो. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता १५३४ मध्ये गोव्यात आला आणि इथेच राहिला. मुंबई बेटही काही काळ त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं. १५६३ मध्ये त्याने गोव्यातच छापलेल्या पुस्तकात वेलदोडा, हळद, हिंग, आंबा अशा कित्येक गोष्टींवर संवाद आहेत. स्पेनमध्ये असतो तर गॅलेनविरुद्ध बोलायची माझी छाती झाली नसती, अशा अर्थाचं तो त्यात म्हणतो. चार वर्षांत क्लुसियस या युरोपीय वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचा लॅटिन सारांश काढला आणि युरोपभर तो पोचला. ओर्ता मूळचा ज्यू. मेल्यानंतर १५८० मध्ये इन्क्विझिशनने, म्हणजे पाखंड शोधणाऱ्या चर्चच्या न्यायालयाने, त्याची हाडं उकरून जाळली.

मी रोजची औषधं घेतो/घेते. सोबत हे चालेल का?

डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, आणि सेंट जॉन्स वॉर्ट तर मुळीच नाही. ती यकृतातल्या विघटन करणाऱ्या यंत्रणेला चालना देते, त्यामुळे दुसरी औषधं रक्तात टिकत नाहीत. २००० मध्ये झुरिचच्या डॉक्टरांनी हृदयरोपण झालेल्या दोन रुग्णांची हकीकत छापली: ही गोळी सुरू केल्यावर, शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून देतात त्या सायक्लोस्पोरिनची पातळी घसरली आणि शरीर नवं हृदय नाकारू लागलं. गर्भनिरोधक गोळ्या, रक्त पातळ करणारी औषधं, एचआयव्हीची काही औषधं, सगळ्यांशी तिचं वाकडं. डॉक्टरांना 'काहीतरी हर्बल घेते' असं सांगून भागत नाही. बाटलीच न्या. वनस्पतीचं लॅटिन नाव, कुठला भाग, किती मात्रा, कधीपासून, हे त्यांना कळायला हवं. शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही सांगा.

कुंडीत कॅमोमाइल लावलंय. चहा करून पिऊ का?

प्या. शेवंती-झेंडूच्या कुळातलं आहे, तेव्हा त्या फुलांची ॲलर्जी असेल तर मात्र नको.